टॅबलेटवर ‘नेत्रवय’ काढून देणाऱ्यास खुले पत्र



गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या मंडपाला लागून तुम्ही टेबल मांडलंत. मागे ‘मोफत नेत्र तपासणी शिबीर’ असा फ्लेक्स, पुढ्यात टॅबलेट, शेजारी छोटा प्रिंटर. आरतीला आलेला माणूस खुर्चीत बसला की काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका चमकायचा आणि त्याने झटकन बोट टेकवायचं. पाच वेळा ठिपका, पाच वेळा बोट, मग सरासरी, आणि लगेच कागद हातात: प्रतिसाद अमुक मिलिसेकंद, नेत्रवय अमुक वर्षे, खाली ठळक अक्षरांत ‘डोळे निरोगी’.

तो कागद घेणाऱ्यांत आमच्या शेजारचे काका होते. एसटीत ड्रायव्हर होते, उमेदीची सगळी वर्षं घाटात गेली. साठी उलटून गेली तरी हात चपळ. त्यांना तुम्ही २३४ मिलिसेकंद आणि ‘नेत्रवय ४१’ दिलंत. त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता, आणि तो काल-परवाचा नव्हता. तुम्ही निकाल चारचौघांत, टाळ्या वाजवून जाहीर केलात, म्हणून त्याचा हिशेबही चारचौघांत मागते आहे.

तुमच्या टॅबलेटने नेमकं काय मोजलं, तिथून सुरुवात करू. ठिपका दिसल्यापासून बोट टेकेपर्यंत धडधाकट माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात बरंच काही घडतं. प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर पडतो, तिथल्या पेशींत रासायनिक बदलांची साखळी सुरू होते, संदेश नसेतून मेंदूच्या मागच्या भागात पोचतो, मेंदू ‘दिसलं’ असं ठरवतो, हाताला हुकूम सुटतो आणि स्नायू हलतात. आवाज ऐकून बोट दाबायचं असेल तर याहून कमी वेळ लागतो, साधारण १५० मिलिसेकंद, कारण कानातली यंत्रणा डोळ्याच्या पडद्यापेक्षा लवकर संदेश पाठवते. म्हणजे तुमच्या आकड्यात डोळ्याचा वाटा आहे, हे मला मान्य. पण तुमच्या हातात फक्त एकूण बेरीज आहे. त्यातलं डोळ्याचं किती, मेंदूचं किती आणि बोटाचं किती, हे वेगळं काढायची कुठलीही सोय तुमच्या टेबलावर नव्हती. आदल्या रात्री झोप झाली नसेल तर ती बेरीज वाढते. सर्दीची गोळी घेतली असेल, बोटं आखडलेली असतील, मागे ढोल वाजत असल्याने लक्ष उडालं असेल, तरी वाढते. दुसऱ्यांदा बसलं की सरावाने कमी होते. पहिल्या खेपेला ५२ आणि दुसऱ्या खेपेला ४६ वर्षं नेत्रवय आलेली माणसं त्या रांगेत होती. दोन मिनिटांत त्यांचे डोळे सहा वर्षांनी तरुण कसे झाले, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही? पडला असेल, तर तुम्ही गप्प का बसलात?

शिवाय यंत्राचा स्वतःचा उशीर आहेच. साध्या पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. ठिपका उमटायला काही वेळ, बोट टेकलेलं नोंदायला काही वेळ, आणि हे सगळं प्रत्येक बनावटीच्या टॅबलेटवर निराळं. वयाबरोबर प्रतिसाद मंदावतो हे खरं, पण इतका हळूहळू की एकाच माणसाच्या लागोपाठच्या दोन प्रयत्नांतला फरक त्याहून सहज मोठा निघतो. त्यावरून एकेक वर्षाच्या नेमकेपणाने वय सांगणं ही मोजणी नव्हे. तो तुम्ही तयार केलेला आकडा आहे.

मला याचा जास्त संताप येतो, कारण ही मोजणी ज्यांनी उभी केली त्यांनाच डोळ्यांचं सगळ्यात जास्त कळत होतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं, आणि पुढच्याच वर्षी डोळ्याच्या आत डोकावून पडदा पाहायचं उपकरण, ऑप्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणलं. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचे डॉन्डर्स तर नेत्रतज्ज्ञच. पायाला विजेचा हलका झटका द्यायचा, ज्या बाजूच्या पायाला झटका त्या बाजूच्या हाताने उत्तर घ्यायचं, असा त्यांचा प्रयोग होता. झटका कुठे बसणार हे आधी ठाऊक असताना लागलेला वेळ आणि ठाऊक नसताना लागलेला वेळ यांची वजाबाकी सेकंदाचा पंधरावा भाग आली. तेवढा वेळ मनाला निवड करायला लागतो, असं त्यांनी १८६८ साली मांडलं. त्यांचेच सहकारी स्नेलन यांनी १८६२ साली अक्षरांचा तो तक्ता तयार केला, जो आजही दवाखान्यांच्या भिंतींवर आहे. वेळ मोजणारा आणि नजर मोजणारा हे दोघं एकाच गावात, एकाच नेत्ररुग्णालयात काम करत होते. दोन्ही मोजण्या हाताशी असताना त्यांनी त्यांची सरमिसळ केली नाही.

आणि तो तक्ता वाचायला लावताना पहिलं काय करतात? एक डोळा झाकतात. गावच्या आरोग्य केंद्रातला नेत्र सहायकसुद्धा हाताने किंवा पुठ्ठ्याने आधी एक डोळा झाकायला लावतो, मग दुसरा, कारण दोन्ही उघडे असताना बरा डोळा अधू डोळ्याचं काम ओढून नेतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. तुम्ही त्या संध्याकाळी एकाचाही डोळा झाकला नाहीत. काकांचा डावा डोळा त्यातल्या त्यात बरा होता. ठिपका त्याने पाहिला, आणि निरोगी असल्याचा दाखला उजव्यालाही मिळाला.

डोळ्याच्या आजाराचा आणि वेळेचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. तो आहे, आणि फार सुंदर पद्धतीने शोधला गेला आहे. म्हणूनच तुम्ही त्याचं जे केलंत ते मला सहन होत नाही. १९७२ साली लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मुशिन यांनी डोळ्याच्या नसेला सूज आलेले, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिसचे रुग्ण तपासले. समोर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन, ते ठरावीक वेळाने जागा बदलतात, आणि डोक्याच्या मागे लावलेल्या तारा मेंदूतली हालचाल नोंदतात. निरोगी माणसात चौकोन बदलल्यावर साधारण १०० मिलिसेकंदांनी एक ठळक लाट उमटते. या रुग्णांत ती उशिरा उमटली, नजर परत सुधारलेल्यांतही. ही तपासणी आज आपल्याकडे मोठ्या इस्पितळांत होते, व्हीईपी म्हणतात तिला. रुग्णाला बटण दाबावं लागत नाही. बोट, सराव, चपळाई सगळं बाजूला ठेवून डोळा ते मेंदू एवढाच रस्ता मोजला जातो, आणि तोही एकेका डोळ्याचा.

लंबकाचा प्रयोग तर घरी करून पाहण्यासारखा. दोरीला वजन बांधून ते आपल्यासमोर डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत झुलवायचं. एका डोळ्यावर गॉगलची काळी काच धरून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की तेच वजन जवळ येत, लांब जात लंबगोल फिरताना दिसतं. काळ्या काचेमागच्या डोळ्याला उजेड कमी मिळतो, त्याचा संदेश थोडा उशिरा निघतो, आणि मेंदू त्या उशिराला अंतर समजतो. येना इथल्या झाइस कंपनीतले पदार्थवैज्ञानिक कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ साली हे प्रसिद्ध केलं. त्यांचा स्वतःचा एक डोळा त्याआधीच निकामी झाला होता, त्यामुळे ज्या परिणामाला त्यांचं नाव मिळालं तो त्यांना स्वतःला कधी पाहता आला नाही. नसेचा आजार झालेल्या काही रुग्णांना हाच भास काचेशिवाय होतो. इतकं बारीक काम एका डोळ्याने पाहणाऱ्या माणसाने केलं आहे, आणि तुम्ही त्यातला ‘मिलिसेकंद’ एवढा शब्द उचलून कागदावर छापलात.

आता काचबिंदूकडे येते. या आजारात डोळ्याची नस हळूहळू वाळते. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही. सुरुवातीला नजरेचे कडेचे तुकडे जातात आणि मधली नजर बऱ्याचदा शेवटपर्यंत शाबूत राहते. माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो. गेलेल्या तुकड्याच्या जागी काळं काही दिसत नाही, कारण मेंदू आसपासच्या चित्राने ती जागा भरून टाकतो. निरोगी डोळ्यातही नस जिथून बाहेर पडते तिथे एक आंधळा ठिपका असतोच, तुमच्यात आहे, माझ्यात आहे, आणि तो कुणालाही जाणवत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन केलेल्या पाहण्यांत आजार सापडलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना तो असल्याची कल्पना नव्हती. हा आजार नजरेच्या ‘कुठे’वर घाव घालतो. तुमचा ठिपका पडद्याच्या मधोमध होता. मधोमध काकांना लख्ख दिसत होतं.

काचबिंदूच्या खऱ्या तपासणीतही माणूस उजेड दिसला की बटणच दाबतो. तिला फील्ड टेस्ट म्हणतात. काकांच्या वेळी मी सोबत होते. खोलीत अंधार. हनुवटी एका आधारावर टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, एका डोळ्यावर चिकटपट्टीने पांढरा कापूस. समोर पांढरा अर्धगोल, मधे पिवळा दिवा, नजर त्या दिव्यावरून हलवायची नाही. मग अर्धगोलात कुठेही, वर, खाली, कडेला, एक पांढरा ठिपका सेकंदाच्या पाचव्या भागापुरता चमकतो. कधी ठसठशीत, कधी इतका फिका की शंका यावी. दिसला की हातातलं बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाई सांगत होत्या, “काका, घाई नाही. सगळे दिसणारच नाहीत, तसंच असतं ते. फक्त मधल्या दिव्याकडे बघा.” उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज मधेच थांबायचा. काका स्तब्ध बसलेले, ठिपके चमकत होते, मला बाजूने दिसत होते, आणि त्यांचा अंगठा हलत नव्हता.

त्या यंत्रालाही माणूस किती लवकर बटण दाबतो हे कळतं. ते त्याचा उपयोग कशासाठी करतं, हे तुम्ही नीट ऐका. रुग्ण सावकाश असेल तर ते ठिपक्यांचा वेग कमी करतं, म्हणजे म्हाताऱ्या माणसावर अन्याय होऊ नये. आणि एखादं उत्तर माणसाला शक्यच नाही इतक्या झटपट आलं, तर रुग्णाने न पाहता बटण दाबलं असं धरून अहवालावर तसा शेरा मारतं. अधूनमधून ते मुद्दाम आंधळ्या ठिपक्याच्या जागी उजेड टाकतं. तिथेही बटण दाबलं गेलं तर नजर हलली असं समजतं. खऱ्या तपासणीत चपळाईला गुण नाहीत. तिचा आब सांभाळून तिला बाजूला काढतात. तुमच्याकडे चपळाई सोडून दुसरं काहीच मोजलं जात नव्हतं.

काकांनी तुमचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. जिना उतरताना त्यांची पायरी चुकायला लागली होती, रिक्षात चढताना कपाळ दांडीला लागायचं. काकू डॉक्टरांकडे चला म्हणाल्या की ते स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचे. “सरकारी डॉक्टरांनी आयुष्यभर दरवर्षी तपासलेत माझे डोळे, आणि हा कागद तर आत्ताचा आहे.” दिवाळी गेली, शिमगा गेला. शेवटी मुलगा जबरदस्तीने घेऊन गेला तेव्हा उजव्या डोळ्यातल्या नजरेचा वरचा-खालचा मोठा भाग गेलेला होता आणि डाव्यात सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलंय ते थेंबांनी राखायचं, रोज, न चुकता, कायमचं. काकांना काचबिंदू तुम्ही दिला नाहीत. पण ते महिने तुम्ही खाल्लेत.

त्या महिन्यांत ते स्कूटर चालवत होते, हेही तुमच्या कानावर घालते. ताशी ६० च्या वेगाने २३४ मिलिसेकंदांत गाडी जेमतेम चार मीटर जाते. काकांना त्या आकड्याचा अभिमान वाटला, कारण ड्रायव्हरला तो कळतो. पण आपल्याकडे रस्ते आखताना इंडियन रोड्स काँग्रेसची मानकं चालकाला अडीच सेकंद देतात, म्हणजे त्याच वेगाला जवळपास ४२ मीटर, कारण रस्त्यावर ठिपका कुठे उगवणार हे कुणी आधी सांगत नाही. आधी ती वस्तू दिसावी लागते. जी दिसलीच नाही तिच्यासाठी ब्रेक दाबायचा वेळ सुरूच होत नाही, हात कितीही चपळ असोत. अमेरिकेत अलाबामामधल्या ओव्स्ली आणि बॉल यांनी वयस्क चालकांवर काम केलं, ते मधे आणि कडेला एकाच वेळी दाखवलेली चित्रं किती कमी वेळात टिपता येतात यावर. १९९८ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की हे उपयोगी दृष्टिक्षेत्र ४० टक्के किंवा जास्त आकसलेल्या चालकांना पुढच्या ३ वर्षांत अपघात होण्याचा धोका २.२ पट होता. वेगाला महत्त्व आहेच, पण कडेला काय दिसतं यासह. मधल्या एका हिरव्या ठिपक्याने हे कळत नाही. वाहन परवान्याच्या अर्जातही २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, असं विचारतात, ते दिसण्याबद्दल आहे. तीही तोकडी चाचणी, कडेची नजर तिच्यातून सुटते. पण निदान तिच्या शेवटी कुणी ‘डोळे निरोगी’ असं छापून देत नाही.

कागदाबरोबर तुम्ही ‘ब्लू कट’ चष्मे विकलेत, त्याबद्दल थोडक्यात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. पडद्यासमोर बसून डोळे थकण्यावर या काचांचा साध्या काचांपेक्षा अधिक उपयोग होतो असं त्यात दिसलं नाही. ज्याने घेतला त्याचे पैसे गेले, डोळे गेले नाहीत. ते मी सोडून देते.

‘शिबीर’ हा शब्द मात्र सोडून देणार नाही. महाराष्ट्रात डोळ्यांच्या शिबिराला लोक ज्या विश्वासाने येतात तो कष्टाने मिळवलेला आहे. जे. जे. रुग्णालयातून डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तालुक्या-तालुक्यांत मोतीबिंदूची शिबिरं घेतली, लाखाच्या वर शस्त्रक्रिया केल्या. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा दाब मोजून, पडदा पाहून घेता येतो. त्या माणसांनी खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून, आत वाकून पाहिलं. त्यांच्या नावलौकिकाच्या सावलीत तुम्ही टेबल टाकलंत आणि कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाहीत. सगळा वेळ तुमची नजर टॅबलेटवर होती.

ठिपक्याचा खेळ बंद करा असं माझं म्हणणं नाही. पोरांना मजा येते, खेळाडूंना सरावाला चालतो. त्याला खेळ म्हणा. ‘नेत्र’ आणि ‘निरोगी’ हे दोन शब्द त्या कागदावरून आज काढा.

आणखी एक काम तुमच्याकडे आहे आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. अहवाल पाठवायचा म्हणून तुम्ही प्रत्येकाचा मोबाईल नंबर लिहून घेतला होतात. ती यादी तुमच्यापाशी आहे, कारण चष्म्यांच्या सवलतीचे मेसेज आम्हाला अजून येतात. त्याच नंबरांवर, त्याच व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पाठवा. मजकूर लिहून देते, तुम्हाला नवं काही सुचवायची गरज नाही: “गणेशोत्सवात आम्ही दिलेला ‘डोळे निरोगी’ हा निकाल चुकीचा होता. ती डोळ्यांची तपासणी नव्हती. आपलं वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून प्रत्येक डोळा वेगळा तपासून घ्या, डोळ्यांचा दाब मोजून घ्या आणि थेंब घालून नस पाहून घ्या. कागद फाडून टाकावा.” काकांचे तीन धाकटे भाऊ त्या संध्याकाळी तुमच्या रांगेत होते. दोघांनी तपासून घेतलं आहे. तिसरे ऐकत नाहीत, त्यांचं नेत्रवय तुम्ही ३९ काढलं होतं. त्यांना आधी पाठवा.